दीड फूट कमी

१

इश्तियाक मिस्त्रींनी तिसऱ्यांदा टेप लावली तेव्हा मी ओट्यापाशी चहा गाळत होते. पूर्वी तिथे उभं राहिलं की समोर फक्त भिंत दिसायची. आता पार पुढच्या दारापर्यंत दिसत होतं. टेपचं पिवळं पातं, गुडघ्यावर बसलेले मिस्त्री, आणि दाराबाहेर रस्त्यावरून गोदामाकडे वळणाऱ्या ट्रेलरची चाकं.

"भाभी, एक मिनट. जरा ये कोना पकडेंगे?"

मी हात पुसून गेले आणि टेपचं टोक भिंतीला धरलं. उजव्या बाजूने, म्हणजे जिथे पूर्वी बोळ होता तिथून, घराची लांबी एकतीस फूट भरली. डाव्या बाजूने साडेएकोणतीस.

"पुराना घर है," मिस्त्री म्हणाले. "गुनिया में नहीं होगा."

घराचे कोपरे काटकोनात नसले की गवंडी, सुतार सगळे असंच म्हणतात. आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, अठ्ठ्याऐंशी सालचं. तेव्हा वळ गावात गोदामं नव्हती, भातशेती होती, आणि गवंडी दोरी धरून अंदाजानेच भिंत उचलायचे. मला मिस्त्रींचं पटलं. त्यांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले, चहा घेतला आणि ते धामणकर नाक्याला आपल्या फर्निचरच्या कारखान्यात गेले.

ते गेल्यावर मी सहज लाद्या मोजल्या. नवीन लाद्या दोन फुटी होत्या. उजवीकडे साडेपंधरा आल्या. डावीकडेही साडेपंधरा.

मी दहावी शिकलेली बाई. मोजमापातलं मला फार कळत नाही. टेप कुठेतरी दुमडली असेल, असं म्हणून मी कपबश्या विसळल्या.

हे काम काढलं होतं ते सुनेसाठी. क्षितिजा कल्याणची. लग्न होऊन ती पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. घरात बसूनच कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करते. स्वभावाने सरळ. दिवाळीनंतर एकदा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, खोटं नाही बोलणार. या घरात मला गुदमरतं. दुपारीसुद्धा लाइट लावावा लागतो. घर मोकळं झालं, उजेडाचं झालं तर मला इथेच राहायला आवडेल. नाहीतर मृणालीची शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही कल्याणला फ्लॅट बघतो."

मला तिचा राग आला नाही. पण मृणाली, माझी चार वर्षांची नात, या घरात नाही असा एक दिवसही मला डोळ्यांपुढे आणता येईना. त्याच रात्री जेवताना मी यांना म्हटलं, "अहो, भिंती पाडू या."

२

टीव्हीचं लांबलचक बैठं कपाट मार्चमध्ये टेम्पोतून तुकड्यांत आलं. डावी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरायची, अशी क्षितिजाची कल्पना होती. चार माणसांनी ते आत आणून जोडलं, भिंतीला टेकवलं, आणि शेवटी दीड फूट भिंत उघडी राहिली.

"मिस्त्री, ये क्या है?" माझा मुलगा विपुल म्हणाला. "एवढी जागा कोणासाठी सोडली?"

"भैया, कसम से. भाभी के सामने नापा. तीन बार नापा."

"मापात पाप आपलंच निघालं म्हणजे," हे सोफ्यावरून हसत म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, हरेश. "जाव दे रं. कुंडी ठेव तिथं एक."

क्षितिजाही हसली. तिने खरंच मोठी कुंडी आणून ठेवली, आणि ती तिथे मुद्दाम ठेवल्यासारखीच दिसायला लागली.

मिस्त्री मात्र हसले नाहीत. निघताना ते दारात थांबून मला म्हणाले, "भाभी, बीच में पहले क्या था?"

"छोटी खोली थी. मेरी ननंद की."

"हाँ," ते म्हणाले. जेवणाच्या टेबलाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी चहाचं विचारलं तर म्हणाले, आज नको.

तर ती खोली. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, उजवीकडे बोळ, आणि मध्ये डाव्या भिंतीला लागून ही आठ बाय दहाची खोली होती. खिडकी नाही. दार बोळात उघडायचं. तिथे यांची थोरली बहीण, आक्का, राहायच्या. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. मग आम्ही खोलीत तांदळाच्या गोणी, जुनी भांडी ठेवू लागलो. काम काढल्यावर तिच्या तीन भिंती पाडल्या आणि वर लोखंडी गर्डर टाकले. आता त्या जागी सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर लोंबणारे तीन दिवे.

सगळे म्हणत होते, घर ओळखू येत नाही.

३

पहिले काही दिवस मला फार बरं वाटलं. भाकऱ्या थापताना मृणाली सोफ्यावर चित्रं रंगवताना दिसायची. यांना पाणी हवं असेल तर हाक मारावी लागत नव्हती, नुसता हात दाखवला की पुरायचं. सकाळचं ऊन दारातून येऊन मधल्या लाद्यांपर्यंत पोचायचं. क्षितिजा आईला व्हिडिओ कॉल करून घर फिरवून दाखवायची.

मग माझ्या लक्षात आलं की आम्ही कोणीच सरळ चालत नाही.

ओट्यापासून सोफ्यापर्यंत जायचं तर टेबलाच्या कडेने तिरपं जाता येतं. जागा भरपूर आहे. पण हे उजवीकडून जायचे, जिथे बोळ होता तिथून. विपुलही. मीही. तीस वर्षांची पायांची सवय आहे, मोडायला वेळ लागेल, असं मी स्वतःला सांगितलं. क्षितिजाही तशीच जायची. ठीक आहे, तिचीही पाच वर्षं झाली.

नंतर गॅसचा सिलिंडर आला. आणणारा माणूस नवीन होता, आमच्या घरात त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो दारातून सिलिंडर बुडाच्या कडेवर फिरवत सरळ आत आला. टेबलाच्या तीन-चार हात अलीकडे थांबला, उजवीकडे वळला, आणि बोळातून यावं तसा भिंतीभिंतीने ओट्यापाशी पोचला.

मी यांना सांगितलं.

"तू आता लोकांचं पाय बगत बसणार काय गो?" हे म्हणाले. "टेबलाला धक्का लागंल म्हणून वळला असंल."

तेही खरंच होतं.

दुसरी गोष्ट धुपाची. मी सकाळी देवापुढे धूप लावते. देव आता ओट्याशेजारी नव्या कोनाड्यात आहेत. धूर निघायचा, मोकळा पसरायचा, आणि टेबलाच्या अलीकडे एका रेषेवर येऊन उभा राहायचा. तिथून तो वर चढायचा, सरळ, जसा भिंतीला लागून चढतो. क्षितिजा म्हणाली, चिमणी चांगली ओढते. चिमणी ओट्यावर होती आणि त्या वेळी बंद होती. मी धुपाटणं कोनाड्यात आत सरकवलं. तिला घर आवडायला लागलं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

४

एप्रिलमधली दुपार होती. हे शेतावरच्या गोदामाकडे गेले होते, विपुल ड्युटीवर. क्षितिजा वर बेडरूममध्ये मीटिंगला बसली होती. मी ओट्यापाशी खाली बसून सुके बोंबील साफ करत होते. मृणाली जेवणाच्या टेबलाखाली भातुकली मांडून बसली होती.

ती बडबडत होती. "तुला साखर किती? एक? दोन?"

आवाज जरा दबका येत होता. शेजारच्या खोलीत कोणी बोलावं तसा. टेबलाखाली आहे म्हणून, असं मला वाटलं. मग मी मान वर केली.

टेबलाखाली भातुकली होती. मृणाली नव्हती. आवाज चालूच होता.

"गरम आहे हं, फुंकून पी."

मी उठले नाही. घाबरले म्हणून नव्हे, माझा विश्वासच बसेना. चष्म्याचा नंबर मी नुकताच बदलला होता. चष्मा काढला, पदराने पुसला, घातला. सहा खुर्च्या, खाली रंगीत कपबश्या, पलीकडे सोफा, त्यापलीकडे उघडं दार. सगळं लख्ख दिसत होतं आणि त्यात माझी नात नव्हती.

मग ती आली. बोळाच्या बाजूला, जिथे आक्कांच्या खोलीचं दार होतं, नेमकी तिथेच ती दिसली. माझ्याकडे यायला वळायच्या आधी तिने हात मागे नेला आणि काहीतरी अलगद ओढून घेतलं.

"काय करतेस गो?" मी विचारलं.

"दार लावते," ती म्हणाली. "आजी, पाणी दे."

मी पाणी दिलं. माझ्या हातांना बोंबलांचा वास होता, म्हणून तिने नाक मुरडलं. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की संध्याकाळपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं होतं, डुलकी लागली असणार.

५

इथे मला एक सांगायला हवं. ते मी यांनाही सांगितलेलं नाही.

आक्का लग्न करून पडघ्याकडे गेल्या आणि दुसऱ्या महिन्यात परत आल्या. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गावाने मग आपापली कारणं ठरवली. तेव्हापासून घरात पाहुणे आले की आक्कांनी खोलीत जायचं, असं होऊन गेलं. मी एकोणिसाव्या वर्षी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला मीठ कुठे, पिठाचा डबा कुठे, ते दाखवलं, आणि हेही सांगितलं. "बाहेर पाहुण्याच्या चपला वाजल्या का आक्काचा दार लोटून घ्याचा. कडी लावाची न्हाय. लोटाचा फकस्त."

मी सव्वीस वर्षं ते दार लोटलं. कडी कधी लावली नाही आणि आक्का कधी बाहेर आल्या नाहीत. दार लोटताना त्या मला दिसायच्या. खाटेवर, हात मांडीवर, तोंड दाराकडे. रागावलेल्या नसायच्या. याच बाईने मला वालाचं बिरडं शिकवलं, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र विपुलला मांडीवर घेतलं. लग्नाच्या वर्षभर आधी, विपुलच्या साखरपुड्याला क्षितिजाची माणसं घरात आली, तेव्हाही मी दार लोटलं.

आमच्या घरात आणखी एक पद्धत होती. घराची मोडतोड करायची तर आधी थोरल्या सुनेने दिवा घेऊन एकेका खोलीच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "काम काढलंय. कोण असाल ते बाहेर या." उंदीर, पाल, मुंगी, कोणीही. साधा पत्रा बदलायचा असला तरी सासूबाई हे करायच्या.

भिंती पाडायच्या दिवशी सकाळी मी ते केलं. बैठकीत केलं, स्वयंपाकघरात केलं, माळ्याखाली उभी राहून केलं. आक्कांच्या दाराशी आले तेव्हा बैठकीत क्षितिजाचे आईवडील बसले होते. नेत्राताई, म्हणजे विहीणबाई, नकाशा बघत होत्या. आक्कांचं दार अर्धं उघडं होतं. मी दिवा एका हातात धरला होता. दुसरा हात आपणहून पुढे गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

पाहुणे बसले होते. दुसरं काही कारण नाही.

मी पुढे गेले. दुपारी कामगारांनी हातोडा घातला.

बोंबील साफ करण्याच्या त्या दिवसानंतर, घरात कोणी नसताना, मी दिवा लावून त्या जागी उभी राहिले. समोर टेबल, खाली गुळगुळीत लाद्या. माझीच मला लाज वाटत होती. तरी म्हटलं, "आक्का, पाहुणे गेले. या आता बाहेर."

ज्योत जरा आत झुकली. दार उघडं होतं, वारा असेल. मी बराच वेळ थांबले. पण उंबराच राहिला नव्हता. कुठून ओलांडायचं, ते मलाही सांगता आलं नसतं.

६

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी क्षितिजाने ते पाहिलं.

ती सोफ्यावर बसून मृणालीला हाका मारत होती. "मृणाली, केस विंचरायचेत. ये लवकर."

"आले," मृणालीचा आवाज आला. दबका.

"कुठे आहेस?"

"इथेच."

क्षितिजा उठली. बोळातून आली, वाकून टेबलाखाली पाहिलं. एक खुर्ची ओढली, मग दुसरी. मी पोह्यांना फोडणी देत होते. मोहरी तडतडत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. ती उभी राहिली आणि वळली, तर मृणाली तिच्या मागेच उभी होती.

क्षितिजा ओरडली नाही. तिने मुलीचे दोन्ही दंड धरले. "कुठे होतीस?"

"त्या बाईकडे."

"कोण बाई?"

"ती असते ना. काही बोलतच नाही. नुसती दाराकडे बघत बसते."

क्षितिजाने माझ्याकडे पाहिलं. "मम्मी, तुम्ही पाहिलंत?"

"काय गं?" मी म्हटलं.

या सगळ्या गोष्टीत मी हे एकच खोटं बोलले, आणि तेच मला सर्वांत जास्त लागतं.

संध्याकाळी ती विपुलला म्हणाली, "आपण कल्याणला जाऊ."

"अगं, तूच म्हणालीस ना, उजेड पाहिजे? आता एवढा उजेड केला."

"उजेड आहे रे. पण मला मुलगी दिसत नाही. चार हातांवर असते, बोलते, आणि दिसत नाही."

"डोळे दाखव एकदा. दिवसभर स्क्रीनसमोर असतेस."

"नवीन घर हाय," हे मध्ये बोलले. "सवय होल."

"मला सवय नाही करायची, पप्पा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पुढच्या रविवारी आम्ही फ्लॅटवाल्याला हो सांगतो."

रात्रीची भांडी लावताना ती माझ्याजवळ आली. "मम्मी, तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही चला ना आमच्याबरोबर. खरंच."

मी विचार केला. हे वळ सोडून कुठेही येणार नाहीत. आणि आम्ही सगळेच गेलो, तरी ती आठ बाय दहाची जागा राहणारच होती. तिथे कोणाला मागे ठेवलं ते फक्त मला ठाऊक होतं.

"मला आठ दिवस दे," मी म्हटलं.

"आठ दिवसांत काय होणार?"

"टेबल हलवून बघते."

ती थकल्यासारखी हसली. "बरं. हलवा."

७

टेबल आम्ही मागच्या खिडकीपाशी नेलं. ते तिथे जास्त छान दिसतं, असं विपुललाही वाटलं. मोकळ्या झालेल्या जागेत मी वेताची खुर्ची ठेवली. लोंबणाऱ्या दिव्यांखाली एकटीच खुर्ची बघून हे म्हणाले, "आता काय इथं बसून फोटो काडतेस?"

"वाती वळायला बसते. उजेड चांगला आहे."

मी काही मोठं ठरवलं नव्हतं. मला वाटलं, आक्कांना सोबत हवी असेल. मृणाली जाते कारण दुसरं कोणी जात नाही. मग ती सोबत माझी असू दे. मी त्यांची देणेकरीण आहे, पोर नाही.

सोमवारी दुपारी मी पहिल्यांदा बसले. बसताक्षणी टीव्हीचा आवाज कमी झाला. कोणी बटण दाबलं नव्हतं. दोन घरं सोडून कुठेतरी टीव्ही लागलाय, असा तो येत होता. बाहेर ट्रेलर गेला, त्याचा नेहमीचा हादरा खुर्चीला लागला नाही. खोबरेल तेलाचा वास येत होता. मला हे सगळं नीट आठवतं, कारण मी भीतीची वाट बघत होते आणि ती आली नाही. फार शांत वाटलं.

थोड्या वेळाने मृणाली धावत आली. माझ्यापासून चार हातांवर थांबली.

"आजी, तू आत आहेस?"

"हो."

"मी येऊ?"

"नको गो राणी. आता जागा नाही."

तिने थोडा विचार केला. मग ती सोफ्यावर जाऊन चित्रं काढायला लागली. मला ती सगळा वेळ दिसत होती. क्षितिजालाही.

त्या आठवड्यात मृणाली एकदाही गेली नाही. रविवारी क्षितिजा म्हणाली, "बहुतेक मीच दमले होते, मम्मी. फ्लॅट नको." दोन दिवसांनी इथल्याच शाळेत मृणालीचं नाव घातलं. क्षितिजाने मला मिठी मारली, आणि मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

मधे एकदा मी अर्धा दिवस बसले नाही. शेजारच्या गावात हळद होती, जाणं भाग होतं. परत आले तर सोफा रिकामा होता. चपला काढेपर्यंत मृणाली बोळाच्या बाजूने आली, हात मागे नेऊन दार ओढत. त्यानंतर मी कुठे गेले नाही.

हळूहळू एक गोष्ट व्हायला लागली. हे तीन पावलांवर उभे राहून हाक मारायचे, "रूपा, कुठं हायस गो?" मी म्हणायचे, "ही काय, इथे." हे स्वयंपाकघरात बघायचे, मागच्या दारी बघायचे, परत यायचे, आणि मग कधीतरी दचकायचे. "कवापासून बसलीस हितं?" मी उठून भाकऱ्या करायला गेले की सगळं नेहमीसारखं व्हायचं. पण उठल्यावर त्यांना मी दिसायला रोज थोडा जास्त वेळ लागायचा. एकदा मी क्षितिजाच्या शेजारी उभी राहून भाजी चिरत होते, आणि तिने मोठ्याने वरच्या मजल्याकडे बघत विचारलं, "मम्मी, कोथिंबीर आणायची का?"

मी "हो" म्हटलं. तिने पिशवी घेतली आणि गेली.

८

शाळेचा पहिला दिवस जूनमध्ये, सोमवारी होता. मृणालीला निळा फ्रॉक, पांढरे मोजे आणि पाठीवर तिच्यापेक्षा मोठं दप्तर. मी पहाटेच डबा करून ठेवला होता आणि ती उठायच्या आत खुर्चीत येऊन बसले होते. नव्या शाळेच्या दिवशी मला कसलीही चूक करायची नव्हती.

विपुल दारात उभा राहून बसची वाट बघत होता. हे तिचे फोटो काढत होते.

"आजीला टाटा करायचंय," मृणाली म्हणाली.

"इथे आहे गो," मी म्हटलं आणि हात वर केला.

ती आली. माझ्यासमोर उभी राहिली, हात लांब केला असता तर पोचला असता इतकी जवळ. तिच्या भांगात पावडर सांडली होती. तिचे डोळे माझ्या तोंडावरून फिरले, खाली गेले, परत वर आले. कॅलेंडरवर तारीख शोधावी तसे. मग ते तिथेच थांबले, पण माझ्यावर नाही.

"आजी?"

क्षितिजा ओट्यापाशी पाण्याची बाटली भरत होती. मान न वळवता, अगदी सहज ती म्हणाली, "आजी आत आहे बाळा. तिथूनच कर टाटा."

मग तिचा हात थांबला. बाटलीतून पाणी वाहायला लागलं. तिने वळून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, लोंबणाऱ्या तीन दिव्यांकडे, आणि आपण काय बोललो ते आठवत असल्यासारखी ती उभी राहिली. मी तिला हाक मारली. तिने नळ बंद केला, बाटलीला झाकण लावलं.

बाहेर हॉर्न वाजला. "आली, आली," विपुल ओरडला.

मृणालीने पुढे होऊन आपला हात ठेवला. हवेत नाही. तिचा पंजा कशावर तरी सपाट टेकला. पाचही बोटांची टोकं दाबून पांढरी झालेली मला दिसली. मी माझा पंजा त्याच्यावर ठेवला. मला तिची बोटं लागली नाहीत. भिंतीचा चुना लागला, गार आणि किंचित खरखरीत.

"टाटा आजी," ती म्हणाली. आवाज अगदी लांबून आला.

ती धावत गेली, बोळातून, दारातून, उजेडात. विपुलने तिला बसमध्ये चढवलं. क्षितिजा उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिने हात हलवला. घर खरंच सुंदर दिसत होतं. एवढ्या आतून मला सगळं दिसत होतं.

वेताची खुर्ची एका माणसाची आहे. तरी डाव्या बाजूने कोणीतरी माझा घसरलेला पदर उचलला, खांद्यावर नीट घेतला, आणि हात परत आपल्या मांडीवर ठेवला.

मी मान वळवली नाही. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दाराकडे बघत राहिले.